मिशनचं देऊळ: कौलं काढून स्लॅब टाकायचा की नाही?

ड्रॉइंगमास्तर

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगतो.

आमचं गाव निपाणी भागातलं. नाव लिहीत नाही. विषय एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या सभासदांच्या) घरातला आहे, आणि मी त्या घरचा नाही. मी जन्मानं मराठा, पेशानं ड्रॉइंग मास्तर, आता निवृत्त. खरं चौथीपर्यंत शिकलो ते मिशनच्या देवळाच्या आवारातल्या शाळेत. पावसाळ्यात शाळेची पडवी गळायची, तेव्हा बाई आम्हाला देवळात नेऊन बसवायच्या. पाढे तिथंच पाठ झाले.

गावात त्याला चर्च कुणी म्हणत नाही. ‘मिशनचं देऊळ’. अमेरिकन प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) मिशनचं. कोल्हापूरला मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ मध्ये आले, १८७० मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं, आणि तिथून सांगली, मिरज, कोडोली असं पसरत आमच्या बाजूलाही आलं. त्याच वेलीचं हे एक पान.

इमारत कशी आहे सांगतो. फोटो बघून ‘ह्यात काय आहे?’ असंच कुणीही म्हणेल. काळ्या दगडाच्या दोन फुटी भिंती. वर सागवानी कैच्या (छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे) आणि मंगलोरी कौलं. मनोरा नाही. दर्शनी त्रिकोणी भिंतीत एक कमान, तिच्यात घंटा. आत मूर्ती नाही, चित्र नाही, रंगीत काच नाही, वेदी नाही. मधोमध उंचावर पुलपीट (पाळक उपदेश करतात तो ओटा), त्याच्यावर लाकडी छत्र, खाली प्रभुभोजनाचं साधं मेज. संपलं. लांबी साठ फूट, रुंदी तीस. दारावरच्या दगडात साल कोरलंय, खरं दर नाताळाला चुना मारून मारून ते बुजलंय.

तीन वर्षं गळतंय. गेल्या महिन्यात वडीलमंडळानं मला बोलावलं. ‘मास्तर, तुम्हाला नकाशा काढता येतो, एक कच्चा प्लॅन काढून द्या.’ दोन मतं आहेत. एक : कौलं आणि कैच्या उतरवून स्लॅब टाकायचा. दुसरं : सगळंच पाडून खाली गाळे, वर हॉल. जागा रस्त्यालगत आहे, त्यामुळं गाळ्यांचं गणित लोकांना पटतंय.

पेन्सिल घेऊन बसलो आणि रेघच ओढवेना. म्हणून इथं आलो. असल्या साध्या इमारतीला वारसा म्हणायचं का? कशाच्या आधारावर? का मी उगाच चौथीतल्या आठवणींना कवटाळून बसलोय?

*

कॅम्पवाला

मास्तर, चांगला विषय काढलात. मी बेळगाव कॅम्पातला. (बेळगावी म्हणा, २०१४ पासून कागदावर तेच आहे, जिभेवर नाही.)

आमच्याकडे सेंट मेरीज आहे, १८६९ चं, गॉथिक, टोकदार कमानी, रंगीत काचा. लग्नाआधीचे फोटो काढायला पोरं तिथं रांग लावतात. वारसा म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यापुढं असलं काहीतरी येतं. तुमचं देऊळ त्या रांगेत बसणार नाही, आणि बसवूही नका.

माहितीसाठी : आमच्या गावात प्रोटेस्टंट काम लंडन मिशनरी सोसायटीनं १८२० मध्ये सुरू केलं. बेननस्मिथ शाळा त्यांचीच. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काम अमेरिकन मेथडिस्टांकडे गेलं. म्हणजे बेळगाव शहर मेथडिस्ट, तुमची निपाणीची बाजू कोल्हापूरकडून आलेली प्रेस्बिटेरियन, आणि धारवाड-हुबळीकडं बासेल मिशन. एका जिल्ह्याच्या आसपास तीन घराणी. बाहेरच्याला सगळं ‘चर्च’ म्हणून एकच वाटतं.

*

वेदगंगेकाठी

+१ कॅम्पवाला.

मास्तर, ‘वेदी नाही, मूर्ती नाही’ हे तुम्ही उणं म्हणून लिहिलंय का? तीच तर प्रेस्बिटेरियन खूण. स्कॉटलंडात १५६० मध्ये धर्मसुधारणा झाली, जॉन नॉक्स वगैरे, तेव्हा देवळाच्या आतली मांडणीच उलटली. वेदी गेली, पुलपीट मधे आलं. शास्त्र वाचायचं, समजावून सांगायचं आणि सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे, एवढ्यासाठी खोली. बिशप नाही. ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणजे ग्रीकमध्ये वयानं मोठा माणूस, आणि मंडळीचा कारभार निवडलेल्या वडिलांनी बघायचा. म्हणून आपल्याकडं ‘वडीलमंडळ’.

अवांतर : लहानपणी माझा मोठा घोळ व्हायचा. मित्राच्या घरी गेलो की तो म्हणायचा, ‘आज वडील येणार आहेत घरी.’ मी म्हणायचो, तुझे वडील तर शेतावर आहेत. मग पाच जण यायचे.

*

चुनाघाणी

धागा आत्ता पाहिला. मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचं काम करतो, बेळगाव-खानापूर पट्ट्यात. वाडे, देवळं, दोन-चार बंगले. वारशाचं नंतर बोलू. आधी स्लॅबचं.

मास्तर, गणित मांडतो, तुम्ही तपासा. साठ गुणिले तीस म्हणजे अठराशे चौरस फूट, साधारण १६७ चौरस मीटर. चार इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला २५० किलो. नुसत्या काँक्रीटचे झाले जवळजवळ ४२ टन. वरचा वॉटरप्रूफिंगचा थर आणि खालचा गिलावा धरलाच नाही. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आत-बाहेर, चौरस मीटरला चौदा-पंधरा लागतात, रीपा-वासे धरून पन्नास-साठ किलो. म्हणजे आज त्या भिंती जेवढं छप्पर पेलतात त्याच्या चार-पाच पट वजन तुम्ही वर ठेवणार. आणि तीस फुटांची रुंदी चार इंची स्लॅब तुळयांशिवाय झेपवणार नाही. तुळया आल्या की त्यांचा भार भिंतीवर ठराविक जागी टोचणार. दोन फुटी भिंत ऐकायला दणकट वाटते, खरं आत काय असतं? बाहेरून घडीव दगड, आतून दगड, मधे खडी-माती-चुन्याची भर. सरळ खाली येणारा, सगळीकडं सारखा पसरलेला भार ती शंभर वर्षं सोसते. टोचलेला भार नाही.

ठेकेदार म्हणेल, ‘मग आतून कॉलम घेऊ.’ घ्या. मग ती दगडी भिंत नुसती शोभेची राहिली, आणि खर्च नव्या हॉलएवढा झाला. तिथून पुढं ‘मग पाडूनच टाकू की’ हे वाक्य आपसूक येतं. मी हे चार ठिकाणी पाहिलंय, त्याच क्रमानं.

आता गळती. दहात नऊ वेळा कौलारू छप्पर कौलांमुळं गळत नाही. रीपा वाकलेल्या असतात, आढ्याचा गारा सुटलेला असतो, नाहीतर पन्हळ तुंबून पाणी भिंतीच्या माथ्यावर मागं येतं. मास्तर, एक काम करा. पाऊस पडत असताना आत उभं राहून खडूनं जमिनीवर खुणा करा, थेंब कुठं पडतो. पाऊस थांबल्यावर त्याच्या वर, कैचीचं कुठलं टोक आहे ते बघा. कैचीचं जे टोक भिंतीत गेलंय तिथं स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. बोटभर आत गेला तर वाळवी किंवा कूज. नाही गेला तर तुमचं सागवान अजून तुमच्या नातवापर्यंत जाईल.

आणि भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा केलाय का? केला असेल तर लोणा (ओलीनं फुटणारा खार) कुठं लागलाय तेही लिहा.

*

ड्रॉइंगमास्तर

केलाय. पंधरा-वीस वर्षांपूर्वी, कमरेएवढ्या उंचीपर्यंत. आणि लोणा बरोब्बर त्याच्या वर, छातीएवढ्या पट्ट्यात लागलाय. पोपडे निघतात. तुम्हाला कसं कळलं?

*

चुनाघाणी

सगळीकडं तसंच असतं म्हणून कळलं. चुन्याची भिंत ओल पिते आणि सोडते. तुम्ही खालचं तोंड सिमेंटनं बंद केलंत, मग ओल वर चढून जिथं वाट मिळेल तिथं फुटली. सिमेंट खरवडून काढा, भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवा, मग चुन्याचा गिलावा करा. चुना चांगला भिजवलेला, मुरवलेला हवा. आमच्याकडं अजून गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात. काही जुने गवंडी बेलफळाचा गर घालायचे. आता घाणीला बैल कुठला, मिक्सरमध्ये मळतो. पाप लागत नाही.

*

रविवारची_उपासना

मी त्याच भागातली, मास्तर कुठल्या देवळाचं बोलायलेत ते मला चांगलंच कळलंय. माझं लग्न तिथंच झालं. सासऱ्यांची शेवटची उपासनाही तिथंच.

सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिहिलंय. खरं एक विचारू का? तुमच्यापैकी रविवारी साडेनऊला तिथं कोण असतंय? मागच्या पावसात पाळकसाहेब शास्त्र वाचत होते आणि दोन बाकांच्या मधे बादली होती. टप्प, टप्प. लहान पोरं वचनाकडं सोडून बादलीकडं बघत होती. माझ्या सासूबाईंना गुडघ्याचा त्रास, त्या घसरून पडता पडता वाचल्या. आमची मंडळी म्हणजे पंचवीस-तीस घरं. निम्मी पुण्या-मुंबईला. वर्गणी येते ती तंबाखूच्या हंगामावर आणि पोरांच्या पगारावर.

‘वारसा’ म्हणायला गोड वाटतंय. वारशाला बादली लावायची कुणी?

गाळे काढून भाडं आलं तर पाळकांचा पगार तरी वेळेवर निघेल, हा विचार करणारे काही दुष्ट नाहीत. एवढंच म्हणायचं होतं.

*

कॅम्पवाला

मावशी, तुम्ही धाग्याचं नाक धरलंत. बादली लावणाऱ्याला विचारल्याशिवाय काही ठरवता कामा नये, सहमत.

*

निर्भीड_सीमावासी

मला वेगळाच प्रश्न आहे. गोऱ्या मिशनऱ्यांनी राजवटीच्या आधारानं बांधलेल्या वास्तूला आपण ‘आपला’ वारसा का म्हणायचं? आपल्या जिल्ह्यात कमल बस्ती आहे, हलशी आहे, देगावचं कमल नारायण आहे, अशी जुनी देवळं. तिथं लक्ष द्यायला माणूस नाही. आधी आपलं बघा.

*

वेदगंगेकाठी

निर्भीडराव, तुम्ही हलशीला शेवटचे कधी गेलात? (हलकेच घ्या.)

*

माणगाव_१९२०

निर्भीड, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. मी बौद्ध आहे, ख्रिस्ती नाही. माझ्या आज्याचा चुलतभाऊ ख्रिस्ती झाला, त्यामुळं दोन्ही घरं पाहिलीत.

गावातल्या इतर देवळात आमचा आज्जा उंबऱ्याबाहेर. मिशनच्या देवळात पुढच्या दारानं आत जायचा आणि बाकावर बसायचा. कुणाच्या शेजारी? ज्याच्या शेजारी जागा असेल त्याच्या. ‘बाक’ ही वस्तू तुम्हाला फर्निचर वाटते. ज्या पिढीनं जन्मभर खाली बसून, तेही अंतर ठेवून ऐकलं, तिला बाक म्हणजे काय होतं ते विचारा. मिशननं जात संपवली असं मी अजिबात म्हणत नाही. ख्रिस्ती झाल्यावरही सोयरिकी जुन्याच हिशोबानं ठरत होत्या, हे आमच्या घरानं भोगलंय. खरं ती खोली तरी सगळ्यांसाठी एक होती.

हा भाग कुठला आहे तेही बघा. शाहू महाराजांच्या उपस्थितीत बाबासाहेबांची माणगाव परिषद झाली मार्च १९२० मध्ये. निपाणीतली परिषद १९२५ ची. त्या काळी ह्या पट्ट्यात दलितांच्या घरात शिकलेला पोरगा सापडला तर तो बहुतेक वेळा कुठल्यातरी मिशनच्या, संस्थानच्या नाहीतर सत्यशोधकांच्या शाळेतून आलेला असायचा. त्यातली एक शाळा मास्तरांच्या देवळाच्या आवारात होती.

बांधलं कुणी म्हणता? पैसा अमेरिकेतून आला असेल. दगड आपल्या खाणीतला, फोडला आपल्या वडारांनी, बसवला आपल्या गवंड्यांनी. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत, म्हणून ते त्यांचं नाही काय?

*

ड्रॉइंगमास्तर

माणगाव, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. पाढे पाठ करताना आम्ही सगळे एकाच बाकावर होतो, हे मला कधी सुचलंच नाही. सुचायची गरजच पडली नाही, हेच त्याचं कारण असेल.

*

संपादक

धागा छान चाललाय. धर्मांतर आणि सीमाप्रश्न या दोन्ही विषयांवर स्वतंत्र धागे आहेत, तिकडं जावं. इथले तीन प्रतिसाद उडवले आहेत.

*

मोडीवाचक

उशिरा आलो, कोल्हापूरहून लिहितोय. आमच्याकडं वायल्डर मेमोरियल चर्च आहे, त्यामुळं विषय जवळचा. (अवांतर : वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला आणि पुढं अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या मिशन चळवळीचा पुढारी झाला. कोल्हापूरचं पाणी!)

इमारतीवर सगळे बोललेत. मला कपाटाबद्दल विचारायचंय. मास्तर, पाळकांच्या खोलीत किंवा पुलपीटाच्या मागं एखादं लोखंडी कपाट, जुनी संदूक आहे का? बाप्तिस्म्याचं रजिस्टर, लग्नाचं रजिस्टर, दफनाचं रजिस्टर, वडीलमंडळाच्या सभांचं इतिवृत्त. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यामुळं लग्नाची नोंद ठेवणं बंधनकारकच होतं, म्हणजे ते रजिस्टर कधीतरी नक्की होतं. जुन्या नोंदी मोडीत असण्याची शक्यता मोठी. खर्चाच्या वह्या तर हमखास मोडीत.

प्रेस्बिटेरियन पद्धतीत वडीलमंडळ ही बारकाईनं लिहिणारी जात. कुणाला मंडळीतून तात्पुरतं वगळलं, कुणी दारू सोडली, कुणाच्या विहिरीवरून भांडण झालं, दुष्काळात धान्य किती वाटलं, प्लेगात गाव सोडून किती घरं रानात गेली. ज्या माणसांचा कुलकर्ण्याच्या दफ्तरात नुसता ‘इसम’ म्हणून उल्लेख यायचा, ती इथं नावानिशी, बापाच्या आणि आईच्या नावासकट भेटतात. मला विचाराल तर छपरापेक्षा ते कपाट आधी कोरडं करा.

*

रविवारची_उपासना

आहे की कपाट. किल्ली आमच्या दीरांच्याकडं. वरच्या खणात ‘उपासना संगीत’च्या जुन्या प्रती, रेव्हरंड टिळकांची गाणी असलेल्या, उंदरानं कोपरे खाल्लेल्या. खालच्या खणात वह्या आहेत. उघडून कुणी वाचल्या नाहीत, कारण ते ‘वाकडं अक्षर’ कुणाला येत नाही.

गेल्या वर्षी सासऱ्यांच्या नावावरनं घराचा उतारा करायचा होता. जुना पुरावा मागितला. आमच्याकडं मराठी कागद, तिकडं कानडी अर्ज. जिथं जाईल तिथं दुसरीकडं जा म्हणून सांगायचे. तेव्हा ह्या वह्या कुणी आठवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

मोडीवाचक

मावशी, त्या वहीतली नोंद लागली असती का ते वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. मोबाईलनं पानापानाचे फोटो काढून ठेवा, वही पालथी दाबू नका, जोर देऊ नका. मी वाचून देतो. पैसे नकोत, नाताळाच्या करंज्या चालतील.

*

वेदगंगेकाठी

आता कायद्याचं, कारण दर वेळी गैरसमज होतो. ‘वारसा ठरला की सरकार ताब्यात घेतं, खिळासुद्धा ठोकता येत नाही’ ही भीती वडीलमंडळात नक्की असणार.

केंद्राचा १९५८ चा कायदा आहे. त्याखाली राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक ठरायला वास्तू किमान शंभर वर्षांची लागते आणि केंद्र सरकारनं तसं जाहीर करावं लागतं. अशा स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकाम बंद आणि त्यापुढं दोनशे मीटर परवानगीनं, हा नियम २०१० च्या दुरुस्तीनं कडक झाला. राज्याचा १९६१ चा वेगळा कायदा आहे, त्याखाली राज्य खातं स्मारकं संरक्षित करतं. मास्तरांचं देऊळ या दोन्हीत जाण्याची शक्यता मला दिसत नाही, आणि मंडळीला ते परवडणारंही नाही. शेजारचा दुकानदार वर मजला चढवायला निघाला तर सगळं गाव मंडळीच्या अंगावर येईल.

त्याच्या खालीही एक पायरी असते : नोंद. मोजमाप, नकाशा, फोटो, थोडा इतिहास, कुणाची मालकी. वारसा जपणाऱ्या इन्टॅकसारख्या संस्था १९८४ पासून अशा याद्या करत आल्यात. यादीत नाव आलं म्हणून मालकी बदलत नाही. मुंबईत १९९५ च्या नियमांनी जशी श्रेणी लावतात तसलं काही आपल्या तालुक्याच्या गावात नाही. आपल्याकडं जे आहे ते स्वतःच करावं लागतं.

अजून एक. मालकी कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्चमध्ये गेल्या, त्यानंतर २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बोर्ड बदलले, उताऱ्यावरचं नाव कित्येक ठिकाणी बदललं नाही. गाळे बांधायला निघालात आणि नंतर कळलं की जागा तिसऱ्याच संस्थेच्या नावावर आहे, तर भाडं राहिलं बाजूला, वकिलाची फी भरत बसाल.

*

कॅम्पवाला

भारतात प्रेस्बिटेरियन इमारती म्हणजे काय काय आहे बघायला बसलो. चेन्नईचं सेंट अँड्र्यूज, १८२१ चं, गोल घुमटाचं, मऊ जमीन म्हणून विहिरींच्या पायावर उभं केलेलं. बेंगळुरूचं सेंट अँड्र्यूज १८६६ चं. ही स्कॉटिश साहेबलोकांसाठी, पैसा ओतून. दुसरीकडं मेघालय-मिझोराम, तिथं वेल्श मिशन (मेघालयात १८४१ पासून), आणि आज भारतातली सगळ्यात मोठी प्रेस्बिटेरियन लोकवस्ती तिकडंच.

आपलं निपाणी-कोल्हापूर-मिरज या दोन्हीत बसत नाही. साहेबाच्या रेजिमेंटसाठी बांधलेलं नाही, आणि अख्खा डोंगर ख्रिस्ती झाला असंही नाही. गावात मूठभर घरं, त्यांच्यापुरती खोली. म्हणूनच घुमट नाही.

*

चुनाघाणी

कॅम्पवाला, ‘म्हणूनच घुमट नाही’ हे पटलं. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर ह्या इमारतीत फुकट गेलेला एकही दगड नसणार. पुलपीटावरचं लाकडी छत्र शोभेसाठी नाही. आवाज वर कैच्यांत हरवू नये, परत खाली लोकांकडं यावा म्हणून ते असतं. माईक नसताना शेवटच्या बाकावरच्या म्हातारीला ऐकू जायचं. वर कौल आणि लाकूड असल्यानं घुमतही नाही. त्याच खोलीवर सपाट स्लॅब टाका, आणि पाळकसाहेबांचं प्रत्येक वाक्य दोनदा ऐका.

*

रविवारची_उपासना

हे मात्र खरं. आमच्याकडं माईक आहे, खरं लाईट गेल्यावर पाळकसाहेब तसेच बोलतात आणि जास्त चांगलं कळतं. मला वाटायचं माईकच भंगार आहे.

पायपेटीही आहे. पायानं भाता मारायची. सासरे वाजवायचे.

*

वेदगंगेकाठी

मावशी, गंमत ऐका. स्कॉटलंडात प्रेस्बिटेरियन देवळात वाद्य म्हणजे महापाप होतं, नुसत्या गळ्यानं स्तोत्रं गायची. १८६३ मध्ये एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स देवळात रॉबर्ट ली नावाच्या पाळकानं पेटी आणली तर केवढा गदारोळ झाला. आणि आपल्याकडं पेटी, तबला, टाळ, वर टिळकांचे अभंग! ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ओवी-अभंग घेऊनच आत आले. ज्या दगडी खोलीची मांडणी स्कॉटलंडाची, तिच्यात चाल वारकऱ्याची.

*

निर्भीड_सीमावासी

माझा मुद्दा मी मागं घेत नाही, हलशीकडंही लक्ष द्या. खरं पाडू नका एवढं मान्य. माझ्या आत्याचं ऑपरेशन मिरजेच्या मिशन दवाखान्यात झालं होतं. वान्लेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये काढलेला तो. आत्या शेवटपर्यंत त्याला ‘वानलेस’ न म्हणता ‘वालनेस’ म्हणायची. आता तो दवाखाना माझा वारसा आहे का नाही, ह्याचं उत्तर आत्यानं दिलं असतं.

*

ड्रॉइंगमास्तर

पाच दिवसांनी लिहितोय. शनिवारी रात्री पाऊस झाला, मी आणि मंडळीतली दोन पोरं खडू घेऊन देवळात होतो. थेंब अकरा ठिकाणी पडतो. अकरापैकी आठ ठिकाणं उत्तरेच्या भिंतीलगत, एका ओळीत. म्हणजे पन्हळच. ते पिंपळाच्या पानांनी गच्च भरलं होतं. दोन कैच्यांची टोकं टोचून पाहिली, एकीत स्क्रू-ड्रायव्हर बोटभर गेला. दुसरीत गेला नाही. अजून सहा कैच्या तपासायच्यात, उंचीवर हात पुरत नाही.

रविवारी उपासनेनंतर वडीलमंडळ बसलं. मला बोलायला दिलं. चुनाघाणींचं ४२ टनांचं गणित फळ्यावर मांडलं. एक वडील, स्वतः ट्रॅक्टरवाले, पटकन म्हणाले, ‘म्हणजे उसाच्या तीन भरलेल्या ट्रक देवळावर चढवायच्या?’ त्यानंतर स्लॅबवाले गप्प झाले. गाळेवाले झाले नाहीत, आणि त्यांचं काही चुकीचं नाही. तोडगा असा निघाला की रस्त्याकडची मोकळी पट्टी, जिथं आत्ता पडकी संडास आहे, तिथं दोन गाळे काढता येतील का बघायचं. देवळाला हात न लावता. त्याआधी उताऱ्यावर नाव कुणाचं ते काढायचं, ते काम मंडळीतल्या वकिलाकडं दिलंय. छपराचा निर्णय दिवाळीपर्यंत पुढं ढकललाय. तोवर पन्हळ साफ, आणि खराब कैचीवर ताडपत्री.

म्हणजे मी नकाशा काढणार आहे, खरं नव्या हॉलचा नाही. आहे त्याचा. प्रत्येक दगड, प्रत्येक कौल. कौलांच्या पाठीवर छाप आहेत, काही मंगळुरूचे, काही खानापूरच्या भट्टीचे. म्हणजे मधे कधीतरी एकदा दुरुस्ती झालीय.

दारावरच्या दगडाचं सांगायचं राहिलं. मोडीवाचकांनी खाजगीत सांगितलं होतं : खरवडू नका, रात्री बॅटरी दगडाला चिकटवून आडवा उजेड टाका. टाकला. चुन्याच्या थरातून कडा उठून दिसल्या. चार अंक आहेत. पहिला १, तो स्पष्ट आहे. दुसरा ८ असेल किंवा ९. पुढचे दोन भरून गेलेत.

*

मोडीवाचक

ओल्या फडक्यानं नुसतं भिजवत ठेवा, दर दिवशी थोडं. थर स्वतः सुटेल. घाई नको.

आणि मास्तर, ‘१, ८, ९’ म्हणजे अंक मराठी आहेत? रोमन नाहीत? इंग्रजी नाहीत?

*

ड्रॉइंगमास्तर

मराठी. पहिला १ बघूनच माझी खात्री झाली. इंग्रजी एक म्हणजे नुसती उभी रेघ, हा तसा नाही.

*

निर्भीड_सीमावासी

साहेबानं मराठीत कोरलं होय.

*

माणगाव_१९२०

साहेबानं कोरलं नाही हो. पाथरवटानं कोरलं. त्याला जे अंक येत होते ते कोरले.

*

चुनाघाणी

पुढच्या रविवारी मी येतो, दुपारी दोनला. उरलेल्या सहा कैच्या बघू, मापंही घेऊ. शंभर फुटी टेप, ओळंबा, बॅटरी माझ्याकडं आहे. वीस फुटी शिडी लागेल, ती मोटारसायकलवर आणता येत नाही. गावात कुणाकडं आहे?

*

रविवारची_उपासना

आमच्याकडं आहे, तंबाखूच्या वखारीतली. न्या. खरं संध्याकाळी सातच्या आत परत आणून ठेवा. मागच्या वेळी नाताळाचा तारा लावायला नेली ती फेब्रुवारीत आली.